पायथन बसवलं, पण उत्तर कोण देतंय?

आमच्या गावच्या वाचनालयातल्या दाखल नोंदवह्या संगणकावर घ्यायचं काम स्वयंसेवकांनी जवळजवळ पुरं करत आणलं होतं. प्रत्येकानं आपापल्या वाटणीची पानं एक्सेलमध्ये उतरवली होती: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशनाचं वर्ष, किंमत. कुणी वर्ष मराठी आकड्यांत लिहिलं, कुणी इंग्रजी आकड्यांत. या सगळ्या फायली एकत्र करून दुबार नोंदी आणि गळालेले दाखल क्रमांक शोधणारा एक छोटा प्रोग्रॅम मी पायथन या संगणकीय भाषेत लिहिला. मी नसताना ग्रंथपाल ताईंनाही तो चालवता यावा, आणि वाचनालयातल्या तिन्ही संगणकांवर त्यानं एकच उत्तर द्यावं, अशी समितीची अपेक्षा होती. त्यासाठी तिन्ही यंत्रांवर पायथन टाकायचं आणि आवृत्ती तपासायची होती.

पायथन कसं टाकायचं हे सांगणारं बहुतेक लिखाण एकाच ओळीवर संपतं: अमुक कमांड द्या, आकडा दिसला की झालं. मला हे अपुरं वाटतं. आकडा दिसतो म्हणजे त्या यंत्रावर कुठलं तरी पायथन आहे एवढंच सिद्ध होतं. ते आपण आत्ता टाकलेलंच आहे का, उद्या ताई प्रोग्रॅम उघडतील तेव्हा हेच धावून येईल का, हे त्या आकड्यात नसतं. वाचनालयातल्या तीन संगणकांनी हे तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी दाखवून दिलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. कमांड इथे देवनागरीत देतोय, प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

पहिला संगणक देणगीत आलेला, विंडोज ७ चा, तोही ३२ बिटचा. त्याला इंटरनेट नाही, आणि माझ्या मते ते तसंच राहावं, कारण विंडोज ७ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. पण वाचकांसाठी शोधयंत्र म्हणून तो छान चालतो आणि तो टाकून देण्याचा विचारही कुणाच्या मनात नाही. अशा यंत्रावर कोणतं पायथन चालेल हे आधी ठरवावं लागतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ३.९ आलं तेव्हापासून पायथननं विंडोज ७ ला सोडलं. म्हणजे या यंत्राची मर्यादा ३.८.

आता ३.८ ची सर्वांत ताजी आवृत्ती शोधायला गेलं की ३.८.२० सापडते, सप्टेंबर २०२४ ची. तिथे विंडोजचा इन्स्टॉलर नाही, फक्त मूळ कोड आहे. कारण पायथनची कोणतीही आवृत्ती पहिला काही काळ सगळ्या दुरुस्त्यांसह, तयार इन्स्टॉलरसकट येते, आणि नंतरची वर्षं तिला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. त्या काळात इन्स्टॉलर बांधले जात नाहीत. ३.८ साठी शेवटचा विंडोज इन्स्टॉलर आहे तो ३.८.१० चा, मे २०२१ चा. हे ठाऊक नसेल तर माणूस ३.८.२० च्या पानावर इन्स्टॉलर शोधत बसतो आणि आपल्यालाच दिसत नाही की काय असं त्याला वाटू लागतं.

पानावर फायलींची नावंही गोंधळात टाकणारी आहेत. ६४ बिटच्या फाइलीच्या नावात 'एएमडी६४' असतं. वाचनालयातल्या यंत्रांत इंटेलचा प्रोसेसर आहे, म्हणून समितीतल्या एकांनी विचारलं, "ही आपल्याला चालायची नाही ना?" चालते. ६४ बिटची ही रचना पहिल्यांदा एएमडीनं आणली, म्हणून ते नाव चिकटलंय, आणि इंटेलची यंत्रंही तीच रचना पाळतात. आपल्याला मात्र ३२ बिटची हवी होती. तिच्या नावात असं काहीच नसतं, नुसता आवृत्तीचा आकडा. तिथेच 'एम्बेडेबल' नावाची एक झिप फाइल असते, आकारानं लहान, म्हणून मोह होतो. ती दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात घालण्यासाठी असते. तिच्यात पिप (जादा पॅकेजं आणणारं साधन) नाही, आयडल (प्रोग्रॅम लिहायची खिडकी) नाही, शिकणाऱ्या माणसाच्या ती कामाची नाही.

फाइल माझ्या घरी उतरवून पेनड्राइव्हवर नेली. पेनड्राइव्ह वाचनालयात दहा हातांतून फिरतो, त्यामुळे नेलेली फाइल जशीच्या तशी पोचली का हे पाहणं मला आवश्यक वाटलं. विंडोज ७ मध्येही सर्टयुटिल नावाची कमांड असते. तिला फाइलीचं नाव आणि 'एमडी५' सांगितलं की ती अक्षर-आकड्यांची एक लांब ओळ देते, आणि ३.८.१० च्या पानावर प्रत्येक फाइलीसमोर तीच ओळ छापलेली आहे. दोन्ही ताडून पाहिल्या, जुळल्या.

इन्स्टॉलर उघडल्यावर खालच्या बाजूला एक चौकट असते: पायथनचा पत्ता 'पाथ'मध्ये घालायचा का. ती मुळात रिकामी असते. पाथ म्हणजे फोल्डरांची एक यादी. आपण काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, एखादा शब्द टाइप केला की विंडोज त्या यादीतली फोल्डरं क्रमानं उघडून त्या नावाचा प्रोग्रॅम शोधतं आणि पहिला सापडेल तो चालवतं. 'पहिला सापडेल तो' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यांचाच आहे. या यंत्रावर आधीचं काही नव्हतं, म्हणून चौकटीत खूण केली, पायथन टाकलं, नवी खिडकी उघडली (आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते) आणि विचारलं: पायथन, मग दोन आडव्या रेघा, व्हर्जन. उत्तर आलं, पायथन ३.८.१०.

माझ्यासोबत अकरावीतला एक मुलगा होता. त्याला शाळेत पायथन आहे, त्यामुळे हौसेनं आला होता. त्यानं छोटं रूप वापरलं, एक रेघ आणि व्ही, पण लहान व्ही. पडद्यावर ओळींचा लोंढा सुरू झाला. "काका, हे काय झालं?" काही बिघडलं नव्हतं. पायथनमध्ये मोठा व्ही म्हणजे आवृत्ती आणि लहान व्ही म्हणजे 'जे जे करतोस ते सगळं सांग'. मग ते सुरू होताना उघडलेली प्रत्येक फाइल वाचून दाखवतं. त्याचा गोंधळ अगदी स्वाभाविक होता, कारण नोडमध्ये लहान व्हीच चालतो, आणि जावाला तर जुन्या काळापासून एकच रेघ आणि पूर्ण शब्द लागतो. प्रत्येक भाषेनं आपली रीत ठरवलेली आहे. मोठे दोन व्ही दिले तर पायथन कोणत्या दिवशी, कोणत्या कंपायलरनं बांधलं, ३२ बिटचं की ६४ बिटचं, हेही सांगतं. मुलगा हे स्वतःच्या वहीत लिहून घेत होता, ते पाहून बरं वाटलं.

याच दिवशी समितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी फार नेमका प्रश्न विचारला. दुसऱ्या यंत्रावर ३.१२ टाकणार असं मी म्हटलं, तेव्हा ते म्हणाले, "मग हे ३.८ जास्त नवं ना? आठ दशांश मोठं की बारा शतांश?" गणितात त्यांचंच बरोबर आहे. आवृत्तीत मात्र तो टिंब दशांशचिन्ह नसतो, तो तीन वेगळ्या संख्यांना वेगळं ठेवणारा टिंब आहे: मुख्य आवृत्ती तीन, तिच्यातली बारावी, आणि त्या बारावीची अमुकावी दुरुस्ती. ३.९ नंतर ३.१० येतं, तीन-दहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.१० आलं तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमरांना हा फटका बसला. त्यांच्या स्वयंचलित चाचण्यांच्या फायलींत ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं होतं, आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं ती दशांश संख्या समजून ३.१ केली. एक्सेलही तेच करतं. यंत्रांची यादी करताना रकान्यात ३.१० टाइप केलं की ३.१ होतं. म्हणून तो रकाना आधी 'मजकूर' करून घेतला.

दुसरा संगणक ताईंच्या टेबलावरचा, विंडोज १० चा. इथे मी पायथन टाकण्याआधीच आवृत्ती विचारली, आणि माझं सगळ्यांना सांगणं आहे की नेहमी आधीच विचारावं. उत्तर आलं, पायथन २.७. हे कुणी टाकलं, कशासाठी, कुणालाच आठवेना. सी ड्राइव्हवर पायथन२७ नावाचं फोल्डर होतं, कित्येक वर्षांपूर्वीचं.

पायथनचा इतिहास इथे थोडा सांगावा लागेल, कारण तो या टेबलावरच येऊन बसला होता. गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या डिसेंबरात ही भाषा लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये ती पहिल्यांदा लोकांपुढे ठेवली. ३ डिसेंबर २००८ ला ३.० आलं, आणि त्यात मागच्या प्रोग्रॅमांशी जाणूनबुजून फारकत घेतली होती. सर्वांत मोठा बदल मजकुराचा. जुन्या पायथनमध्ये साधा मजकूर म्हणजे बाइटांची माळ होती. नव्यात मजकूर म्हणजे युनिकोडची, जगातल्या लिप्यांच्या एकाच सामाईक यादीतली, अक्षरं. मराठी लिहिणाऱ्या माणसासाठी हा बदल किती मोठा आहे! पण जग त्यासाठी तयार व्हायला वर्षं लागली, म्हणून २.७ ला मुदतवाढ देत देत १ जानेवारी २०२० पर्यंत सांभाळलं गेलं. तोवर लाखो यंत्रांवर दोन्ही शेजारी शेजारी नांदत होती. हे त्यांतलंच एक.

त्या २.७ वर माझा प्रोग्रॅम काय करतो हे मी मुद्दाम चालवून पाहिलं. पहिल्याच मराठी ओळीवर तो अडला: फाइलीत ॲस्कीबाहेरचं (साध्या इंग्रजी अक्षरांबाहेरचं) अक्षर आहे, 'ई०', आणि एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची रीत, सांगितलेलं नाही. हा 'ई०' ओळखून ठेवण्यासारखा आहे. युटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं होतं आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी हाच असतो. मराठी मजकुराच्या प्रोग्रॅमवर ही तक्रार आली की प्रोग्रॅम तपासत बसू नये, उत्तर देणारं पायथन दोनच्या घरातलं आहे असं समजावं.

मग या यंत्रावर ३.१२.१० टाकलं. सर्वांत नवं का नाही? माझं मत असं की वाचनालयासारख्या ठिकाणी नवेपणापेक्षा किती वर्षं हात लावावा लागणार नाही हे महत्त्वाचं. ३.१२ ला ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या आहेत, आणि ३.१२.१० हा तिचा तयार इन्स्टॉलर असलेला शेवटचा टप्पा. चौकटीत खूण केली, पाथमध्ये घातलं, नवी खिडकी उघडली, विचारलं. उत्तर: पायथन २.७.

इन्स्टॉलर यशस्वी झाला म्हणाला होता, आणि तो खरंच यशस्वी झाला होता. पण विंडोजमध्ये पाथच्या याद्या दोन असतात, एक पूर्ण यंत्राची आणि एक वापरकर्त्याची, आणि यंत्राची नेहमी आधी वाचली जाते. २.७ यंत्राच्या यादीत होतं. नवं पायथन ताईंच्या खात्यापुरतं टाकलेलं, म्हणून वापरकर्त्याच्या यादीत गेलं. शोध पहिल्या यादीतच थांबत होता.

तेवढ्यात मुलानं घरच्या लॅपटॉपच्या सवयीनं 'पायथन३' असं टाइप केलं, तर मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडलं. "हे दुकान कुठून आलं?" ताईंनी विचारलं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये 'पायथन' आणि 'पायथन३' या दोन नावांच्या शून्य बाइटांच्या फायली आधीच ठेवलेल्या असतात. यंत्रावर पायथन नसलेल्या माणसाला ते मिळवून देण्यासाठी त्या आहेत. नुसतं नाव टाइप केलं तर स्टोअर उघडतं, आणि पुढे आवृत्तीचा प्रश्न जोडला तर 'पायथन सापडलं नाही' असा संदेश येतो. पायथनच्या संकेतस्थळावरचा इन्स्टॉलर विंडोजवर 'पायथन३' नावाची फाइल ठेवतच नाही, त्यामुळे तो शब्द थेट त्या रिकाम्या फाइलीवर जाऊन पडत होता.

म्हणजे एकाच टेबलावर, एकाच खिडकीत: 'पायथन' म्हटलं की २.७, 'पायथन३' म्हटलं की सापडलं नाही, आणि 'पाय' म्हटलं की ३.१२.१०. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी. हे 'पाय' म्हणजे विंडोजसाठीचा लाँचर. तो ३.३ पासून पायथनसोबत येतो, पाथमधलं कोण आधी आणि कोण नंतर याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, यंत्रावर नोंदलेली सगळी पायथनं त्याला ठाऊक असतात. 'पाय', एक रेघ, शून्य आणि पी असं दिलं की तो प्रत्येक आवृत्ती तिच्या पूर्ण पत्त्यासह दाखवतो. दुसरं साधन 'व्हेअर'. 'व्हेअर पायथन' म्हटलं की त्या नावाच्या सगळ्या फायली पाथच्या क्रमानं समोर येतात, आणि सर्वांत वरची जी आहे तीच उत्तर देणार. मात्र हे साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करावं. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड-खिडकीत 'व्हेअर' या शब्दाचा अर्थ भलताच आहे आणि तिथे काहीच छापलं जात नाही. तिथे 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण नाव, एक्झेक्युटेबल फाइलीच्या शेपटासह, द्यावं लागतं.

जुनं २.७ काढून टाकावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. मी आधी ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी आणि डेस्कटॉपवरचे शॉर्टकट पाहून घेतले. कुणाचं त्याच्यावाचून अडत नसल्याचं दिसलं. तरी फोल्डर तसंच राहू दिलं, फक्त यंत्राच्या पाथमधून त्याच्या दोन ओळी काढल्या. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलिअसेस' नावाचं पान आहे, तिथली पायथनची दोन्ही बटणं बंद केली. नव्या खिडकीत 'पायथन' आणि 'पाय' दोघांनी ३.१२.१० सांगितलं, आणि 'व्हेअर'नं एकच पत्ता दाखवला. आता मी समाधानानं म्हणू शकलो की पायथन बसलं.

इथे २.७ ची आणखी एक खोड सांगतो, कारण ती शोधायला वेळ जातो. यंत्रांची माहिती आपोआप फाइलीत उतरावी म्हणून मी एक छोटी बॅच फाइल (एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांडांची फाइल) केली होती. बाकी उत्तरं फाइलीत जात होती, २.७ चं मात्र पडद्यावर दिसायचं आणि फाइल रिकामी. कारण जुनं पायथन आवृत्तीचं उत्तर नेहमीच्या वाटेनं न देता चुकांच्या संदेशांच्या वाटेनं देत असे. ३.४ पासून ते बदललं. दोन्ही वाटा एकत्र वळवल्या की उत्तर फाइलीत येतं.

तिसरा संगणक उबुंटू २२.०४ चा, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा, लॅपटॉप. तिथे 'पायथन' म्हटलं की कमांड सापडत नाही, आणि 'पायथन३' म्हटलं की ३.१०. मुलाला हे उलटं वाटलं, पण याला कारण आहे. उबुंटूनं २.७ मागे टाकताना 'पायथन' हे नावच मोकळं सोडलं, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमला चुकून नवं पायथन मिळू नये. इथे ३.१२ टाकून 'पायथन३' हे नाव त्याच्याकडे वळवायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो. मी तो कुणालाही देणार नाही. उबुंटूचं स्वतःचं काम त्या ३.१० वर चालतं. तिथला टर्मिनलसुद्धा (कमांड देण्याची खिडकी) उघडताना एक पायथन प्रोग्रॅम चालवतो, आणि नाव दुसरीकडे वळवलं की त्याला हवी असलेली मॉड्यूलं (तयार कोडचे तुकडे) सापडत नाहीत. मग टर्मिनलच उघडत नाही, आणि दुरुस्तीला लागणारं हत्यारच हातातून जातं. यंत्रणेचं पायथन यंत्रणेला राहू द्यावं. माझा प्रोग्रॅम ३.८ पासून पुढे कशावरही चालेल असा लिहिलेला होता, त्यामुळे ३.१० पुरेसं होतं. पुस्तकांची लेबलं छापायला एक जादा पॅकेज लागत होतं, ते वेगळ्या आभासी वातावरणात, म्हणजे 'व्हेन्व्ह'मध्ये टाकलं. उबुंटूत त्यासाठी आधी ३.१० चं व्हेन्व्हचं पॅकेज एपीटी या उबुंटूच्या पॅकेज आणणाऱ्या कमांडनं आणावं लागतं, नाहीतर अर्धवट फोल्डर तयार होऊन काम थांबतं. व्हेन्व्ह चालू केल्यावर तिथे नुसतं 'पायथन' म्हटलं तरी चालतं, आणि उत्तर त्या फोल्डरातून येतं.

तीन यंत्रं, तीन आवृत्त्या: ३.८.१०, ३.१२.१० आणि ३.१०. आकडे हातात होते, पण मला हवं होतं एकच उत्तर. म्हणून मी तपासणीची एक छोटी फाइल लिहिली, जी आवृत्तीशिवाय आणखी काही गोष्टी विचारते. उत्तर देणाऱ्या पायथनचा पूर्ण पत्ता. 'सिस' मॉड्यूलमधलं 'एक्झेक्युटेबल' तो देतं. ३२ बिट की ६४. आणि फाइल उघडताना काही सांगितलं नाही तर हे यंत्र कोणतं एन्कोडिंग धरतं.

शेवटचा प्रश्न मराठीसाठी सर्वांत मोलाचा. उबुंटूनं सांगितलं युटीएफ-८. दोन्ही विंडोज यंत्रांनी सांगितलं १२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय लिपींसाठीची जुनी तक्ता-पद्धत. यात पायथनची आवृत्ती नवी असून उपयोग होत नाही, ३.१२ सुद्धा विंडोजवर हेच धरतं. या तक्त्यात पाच बाइटांना अक्षरच नेमलेलं नाही, आणि नेमके आपला हलन्त आणि पहिला उकार त्या बाइटांवर संपतात. त्यामुळे 'मराठी' हा शब्द अगम्य युरोपीय अक्षरांच्या रूपात का होईना आत येतो, पण 'पुस्तक' या शब्दावर प्रोग्रॅम थेट कोसळतो. 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचंही तेच. हे कळलं नाही तर माणूस विशिष्ट नोंदीतच काही खोट आहे असं धरून तीच पुन्हा पुन्हा टाइप करत राहील. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहिलेलं आहे, 'युटीएफ-८-सिग', कारण एक्सेल 'सीएसव्ही युटीएफ-८' (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) साठवताना सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतं आणि हे नाव दिलं की ती गळून पडते. पायथन ३.१५ पासून सगळीकडे युटीएफ-८ हेच मूळ धरलं जाणार आहे. मराठीत काम करणाऱ्यांनी त्याची वाट पाहावी असा तो बदल आहे.

तपासणीच्या फाइलीत एक ओळ मी केवळ आनंदासाठी घातली, आणि तीच पुढे सगळ्यांची आवडती ठरली. '१९६७' हा देवनागरी आकड्यांतला मजकूर पायथनला देऊन म्हणायचं, याची संख्या कर. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाचं हे वर्ष, वाचनालयात सगळ्यांच्या ओळखीचं. तिन्ही यंत्रांनी ती संख्या बिनचूक केली, कुठलंही जादा पॅकेज न लावता. युनिकोडमध्ये कोणतं चिन्ह कोणता अंक आहे याची नोंद असते आणि पायथन तीन ती मानतं. म्हणजे ज्यांनी वर्षं मराठी आकड्यांत टाइप केली होती त्यांचं काम वाया गेलं नाही, की कुणाला ते परत करावं लागलं नाही. ताई म्हणाल्या, "म्हणजे आमचं लिहिलेलं त्याला वाचता येतं." अगदी तसंच. (प्रोग्रॅमच्या ओळीत मात्र आकडे इंग्रजीतच लिहावे लागतात. चलांची नावं देवनागरीत चालतात, संख्या नाही.)

निकाल पडद्यावर न छापता फाइलीत लिहायचं ठरवलं, कारण विंडोज ७ च्या काळ्या खिडकीत देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. पायथन बरोबर अक्षरं पाठवतं, खिडकीच्या फाँटकडे ती नसतात. नोटपॅडमध्ये तीच फाइल स्वच्छ दिसते.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाही एक पहारा ठेवला: आवृत्ती ३.८ पेक्षा जुनी असेल तर मराठीत संदेश देऊन थांब. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. तुलना मजकुराची करायची नाही, कारण मजकूर म्हणून '३.१०' हे '३.८' च्या आधी लागतं. पायथन स्वतःच आवृत्ती संख्यांच्या जोडीच्या रूपात देतं, तीच वापरावी. दुसरी गोष्ट, हा पहारा मुख्य फाइलीत ठेवून चालत नाही. पायथन आधी पूर्ण फाइल वाचून समजून घेतं आणि मग पहिली ओळ चालवतं. पुढे कुठे नवं व्याकरण असेल तर जुनं पायथन तिथेच अडखळतं आणि आपला पहारा कधी जागा होतच नाही. म्हणून तो वेगळ्या, जुन्या पायथनलाही कळेल अशा छोट्या फाइलीत आहे, वर एन्कोडिंगची ओळ असलेल्या, आणि तीच फाइल पुढे मुख्य प्रोग्रॅमला हाक मारते. २.७ च्या फोल्डरातून ती मुद्दाम चालवून पाहिली. 'हे पायथन जुनं आहे, ३.८ किंवा त्यापुढचं हवं' असा संदेश आला आणि ती शांतपणे थांबली.

त्यानंतर तिन्ही यंत्रांवर एकाच नोंदींच्या फायली चालवल्या. दुबार नोंदींच्या याद्या ओळीनं ओळ सारख्या निघाल्या. ताईंनी पुढच्या आठवड्यात स्वतः प्रोग्रॅम चालवला आणि गळालेले दाखल क्रमांक छापून भिंतीवर लावले, ती पुस्तकं कपाटांत शोधायचं काम आता चालू आहे.

प्रत्येक संगणकाच्या बाजूला आवृत्ती, पायथनचा पूर्ण पत्ता आणि दुरुस्त्या कधीपर्यंत मिळतील ती तारीख लिहिलेला कागद चिकटवला आहे. लॅपटॉपच्या कागदावर एप्रिल २०२७ आहे, उबुंटू २२.०४ चा नेहमीचा आधार तेव्हा संपतो. पुढच्या २४.०४ मध्ये ३.१२ येतं. तिथे व्हेन्व्हबाहेर पिपनं काही टाकायला गेलं की यंत्रणा नकार देते, आणि ३.१० वर बांधलेलं आत्ताचं व्हेन्व्ह पुढे चालणार नाही, ते नव्यानं बांधावं लागेल. त्यासाठी पॅकेजांची यादी वेगळ्या फाइलीत ठेवली आहे, आणि ती कुठे आहे हे त्या मुलाला दाखवून ठेवलंय.